जो 'येतो' म्हणाला, त्याचं वांगं

मेहरूणमध्ये माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून तोताराम नानाचं भरीत-पुरीचं हॉटेल आहे. हॉटेल कसलं, पत्र्याचं शेड, चार टेबलं आणि नाना. बोलका इतका, की गिऱ्हाईक हात धुऊन उभं राहिलं तरी याची गोष्ट संपायची नाही. मग बायको, भागाबाई, आतून ओरडायची, "आवं, सोडा ना त्या मानूसले!"

ती जाऊन तीन वर्षं झाली. आता येणारा माणूस मोबाइल पुढ्यात ठेवून जेवतो. नानाने विचारलं, "कसं व्हयनं?" तर कानातला इअरफोन काढून म्हणतो, "काय?"

दिवाळीनंतर डिंपल नावाची कॉलेजची पोरगी आली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजणाऱ्या नानाची तिने रील काढली. त्यात नाना हात जोडून म्हणाला, "रविवारले जेवाले या. मी वाट देखस."

दुपारी मीच त्याला कमेंटी वाचून दाखवल्या. गप्प बसेन तर मी कसली!

"धुळ्याची भूमिका म्हणतेय, 'आलेच समजा.' बघा नाना, या वयात पोरी धावत येताहेत!"

नाना लाजला. मग हळूच म्हणाला, "दिपमाला, एक एक नाव सांग बरं."

मला वाटलं, गंमत म्हणून विचारतोय. पण त्याच्या धरणगावाकडे शेतात भरिताचा बेत ठरला, की जो 'येतो' म्हणेल त्याच्या नावाचं वांगं जाळात पडतं. मग तो माणूस येतोच.

रविवारी सकाळी बघते तर नाना इस्त्रीचा सदरा घालून जाळापुढे बसलेला. बावीस वांगी!

"हाई नवीननं. हाई भूमिकानं…" एकेका वांग्याला तो कमेंटीतलं नाव देत होता.

दुपारपर्यंत नेहमीचे तिघे आले, पार्सल घेऊन गेले. बावीसातलं कोणी नाही. नाना दर रिक्षाला उठून उभा राहायचा.

"धुळेथून येवाले येळ लागस," तो म्हणाला.

चार वाजता माझ्याच्याने राहवेना. "नाना, लोक नुसतं लिहितात हो. मीसुद्धा नाशिकच्या एका मिसळवाल्याला 'आलेच' लिहिलंय. गेले का कधी?"

नाना माझ्याकडे बघतच राहिला. "त्यानी वाट देखी व्हई ना?"

मी मोबाइल पालथा ठेवला.

थोड्या वेळाने त्याने भाजलेल्या वांग्यांचं टोपलं झाकलं आणि म्हणाला, "लिख. भूमिका, तुनं वांगं झाकी ठेयेल शे. बठ्ठासले असंच लिख."

बावीस जणांना लिहिलं. बोटं दुखली, पण लिहिलं. तेवढ्यात भूमिकाकडून एक लाल बदाम आला. नानाने चष्मा सारखा केला.

"हाई काय शे?"

"प्रेम पाठवलंय, नाना."

"ते चांगलं शे," नाना रस्त्याकडे बघत म्हणाला. "पन ती कव्हय येई?"