काळ्या भिंतीपलीकडचं पाणी

साठच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी कळसाडीला आले, तेव्हा सासरे शेतात विहीर खोदत होते. वीस हातांवर काळाकभिन्न खडक लागला. पहारी बोथट झाल्या, सुरुंगानं नुसत्या कपच्या उडाल्या, पाण्याचा थेंब नाही.

त्याच आठवड्यात खडकांची पाहणी करणारे एक सरकारी साहेब जीपनं आले. आमचा खडक बघून ते असे हरखले, की सासऱ्यांना रागच आला. दिवसभर शिवारात हातोडी वाजवत फिरून साहेब म्हणाले, "काका, ही जमिनीतली भिंत आहे. पूर्वेकडून थेट पश्चिमेला गेली आहे."

"कोनी बांधी?" सासऱ्यांनी विचारलं.

शेजारच्या शेतात गुऱ्हाळ चालू होतं. साहेबांनी कढईकडे बोट दाखवलं. "तळाचा तापलेला रस वर येतो ना? पृथ्वीच्या पोटात फार खोलवर खडकही असाच तापतो आणि वर सरकतो. तो पातळ नसतो, घट्टच असतो, म्हणून लाखो वर्षं लागतात. वर आला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो थोडा वितळतो. तो रस भेगांतून उसळून जमिनीवर पसरला. जो भेगेतच थिजला, ती तुमची भिंत. काही शास्त्रज्ञ असं म्हणतात, अजून सगळ्यांना पटलेलं नाही."

सासऱ्यांनी पायाखाली पाहिलं. "मन्हा वावरमा ज्वालामुखी? आते इझेल शे ना?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वीच विझला, काका!"

सगळे हसले. मी चहा घेऊन आले होते. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायची रीत नव्हती, पण मॅट्रिकपर्यंत शिकलेली जीभ आवरेना. पदर सावरत मी विचारलं, "मग सातपुड्याकडून झिरपत येणारं पाणी त्या भिंतीला अडत असेल ना?"

साहेबांनी हातोडी खाली ठेवली.

"हेच सांगणार होतो," साहेब म्हणाले. "भिंतीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या बाजूला खोदून बघा."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी तीस पावलं उत्तरेला कुदळ मारली. पंधरा दिवसांत पाणी लागलं. काठावर उभी राहून मी बघत होते. खाली उतरलेले सासरे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून हाका मारत होते, त्या साऱ्या शिवाराला ऐकू गेल्या.

पुढे म्हसावदपर्यंतचे शेतकरी विहिरीची जागा विचारायला यायचे. सासरे त्यांना ओट्यावर बसवायचे, तंबाखूची चंची पुढे करायचे आणि ऐटीत म्हणायचे, "मन्ही सूनले इचारा."