वरच्या ओळीतले नाव

२००२ च्या उन्हाळ्यात दौंडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये संगीताचे गुण माझ्या गुणपत्रिकेवर छापले गेले. तिच्या गुणपत्रिकेवर 'गैरहजर' आले. गुणपत्रिकांचा प्रोग्रॅम टिंबसरांनी लिहिला होता.

हे नाव मुलांनी ठेवलेले. प्रोग्रॅममध्ये एकाच विद्यार्थ्याच्या पुष्कळ ओळी असल्या, तरी प्रत्येक ओळीत त्याचे नाव लिहिलेले सरांना खपत नसे. नाव वरच्या ओळीत एकदाच. खालच्या ओळी नुसत्या टिंबाने सुरू करायच्या. वरचे नाव त्या सगळ्यांना लागू. "आई वाढताना दर भाकरीला तुझं नाव घेती का?" असे ते विचारत.

बोलणेही तसेच. "संगीता" एवढे एकदा म्हणून ते फळ्याकडे वळत. मग सूचना चालू: "खुर्ची पुढं. मान वर. बोटांकडं बघू नको." बाकीचे निवांत. एकदा मधेच शिपाईमामा आत आले. "मामा, चहा सांगा," म्हणून सरांनी पुढचे सुरू केले, "आन् टायपिंग परत कर." मामा दारातच थांबले. म्हणाले, "मला न्हाई येत, सर."

शिरूरकडच्या एका कारखान्याला कॉम्प्युटर ऑपरेटर हवा होता. गुण पाहून आमच्यातला एकच घेणार होते. सरांनी माझ्या ओळी कॉपी करून खाली संगीतासाठी चिकटवल्या, गुण बदलले. वरचे नाव बदलायचे राहिले. तिचे जास्त असलेले गुण माझ्या गुणांच्या जागी बसले. जागा मला मिळाली.

पुढच्या बॅचची तयारी करताना सरांना चूक दिसली. दुसऱ्या दिवशी ते एसटीने कारखान्यात आले. भरती झाली आहे, असे उत्तर मिळाले. गेटवर मला म्हणाले, "तुझा दोष न्हाई. पण तिच्या घरी जायचंय. एकट्याला जमंना."

रविवारी आम्ही यवतला तिच्या घरी गेलो. संगीता झेंडू तोडत होती. सरांनी तिच्या वडिलांना, आप्पांना, उभ्यानेच सगळे सांगितले. खाट पुढे केली, तरी बसले नाहीत.

"पोरगी सांगत व्हती, परीक्षेला बसले म्हणून," आप्पा म्हणाले. "मीच म्हणलं, खोटं बोलती. क्लास बंद केला."

संगीताने फुलांची पाटी खाली ठेवली. "सर, पाणी घ्या," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "किती पडले व्हते मला?"

मी सांगितले. तिने आप्पांकडे पाहिले. आप्पा खाटेची सुंभाची दोरी ओढत बसले.

त्यानंतर सर प्रत्येक ओळीत पूर्ण नाव लिहू लागले. नव्या मुलांना ती जुन्या माणसाची सवय वाटे. मी नोकरी सोडली नाही. सरांनी तसे कधी सुचवलेही नाही.

संगीताने पुढे यवतच्या स्टँडजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचा गाळा काढला. सरांना द्यायची उद्घाटनाची पत्रिका तिने माझ्याकडे दिली; मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि "यील बघू" म्हणाले. उद्घाटनाला मी रजा काढून गेलो. सर फोडतील म्हणून आप्पांनी नारळ बराच वेळ हातात धरून ठेवला होता. सर आले नाहीत.