पोळ्याच्या तोरणाखाली ठरलेली सोयरीक

आमच्या सोयरिकीची गोष्ट गावात अजूनही रंगवून सांगतात. हाडवैर असलेली दोन मोठी घरं, आणि भर पोळ्यात ठरलेलं लग्न! ऐकणाऱ्याला मोठी गंमत वाटते. मला आता ती दुरुस्त करायचाही कंटाळा येतो.

गाव मेहकरकडचं. आम्ही देशमुख, ते पाटील. पोळ्याला तोरणाखालून आधी कोणाची बैलजोडी जायची, यावरून दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या भांडण. तो दावा मेहकरहून बुलढाण्याला गेला, तिथून नागपूरच्या सरकारापर्यंत पोचला आणि तिथेच भिजत पडला. त्या वर्षी तर ऐन तोरणाखाली काठ्या उगारल्या गेल्या. तेव्हा गावातले एक म्हातारे मधे पडले. "काऊन भांडता हो? एकाच्या घरी पोरगी हाये, एकाच्या घरी पोरगा. सोयरीक करा, मंग कोणाचाबी बैल पुढं जावो, मान घरातच राह्यते."

पाटील हसले. "देशमुख आपली लेक पाटलाच्या घरी देतीन काय? तेवढी छाती पाह्यजे."

"दिली!" माझे वडील म्हणाले.

रागाच्या भरात निघालेला शब्द, पण साऱ्या गावाने ऐकलेला. घरी येऊन ते फेटाही न काढता बसून राहिले. मुलीकडचे झाल्यामुळे आता आपले बैल जन्मभर मागे राहणार, हे त्यांच्या तिथे बसल्यावर ध्यानात आलं असावं.

आई रडू लागली. आमच्याकडे ओझल होती. बायकांनी परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही, बाहेर जायचं तर पडदा लावलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून. "त्याइच्या बाया भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन वावरात जातात," आई म्हणाली, "अन्‌ तिथं माह्यी लेक!"

मीही रडले, रीत म्हणून. मनातल्या मनात मात्र मांडे खात होते. वय पंधराच्या आसपास, आणि आमचंच वावर मी कधी डोळेभरून पाहिलं नव्हतं. दमणीच्या पडद्याला बोट घालून दिसेल तेवढीच ज्वारी मला ठाऊक. नवरा कसा आहे हे मी कोणाला विचारलंही नाही. त्या घरातल्या बायका उघड्यावर चालतात, मला तेवढं पुरे होतं. इतका आनंद मला पुढे कधी झाला नाही.

दिवाळीनंतर पाटलांकडच्या बायका कुंकू लावायला आल्या. चालत येतील, मोकळ्या हसतील, म्हणून मी कान देऊन होते. आल्या त्या दमणीतून. नव्याकोऱ्या पडद्याला अजून खळीचा वास येत होता. थोरली जाऊ उतरली ती डोळ्यांपर्यंत पदर ओढून. सवय नसल्याने उंबऱ्याला ठेचकाळली. माझी होणारी सासू अभिमानाने आईला सांगत होती, "देशमुखाची लेक येऊन राह्यली म्हणल्यावर आमच्या घरीबी ओझल पाह्यजे. मालकानं पोळ्याच्याच दिवशी सांगतलं."

जाऊ माझ्या कपाळाला कुंकू लावायला वाकली. उन्हाने रापलेला हात, नखांच्या कडांना कापसाच्या बोंडांचे जुने वण. माझ्या कानाशी येऊन ती म्हणाली, "तुह्यापायी कोंडली न बाई मी. कापूस फुटून राह्यला, अन्‌ पोळ्यापासून म्या वावराचं तोंड नाही पाह्यलं."

मला तिला सांगायचं होतं, बाई, मला तर तुमच्यासारखं व्हायचं होतं. पण नवरीने बोलायचं नसतं. मी मान खाली घातली. आईला वाटलं, पोरगी लाजली.

पुढचं काय सांगू? संसार झाला, लेकरं झाली. सासऱ्यांपुढे ओझलीचा विषय मी दोनदा काढला. "देशमुखाच्या लेकीनं असं बोलावं?" एवढंच उत्तर मिळालं. जाऊ माझ्याशी वाईट कधी वागली नाही, पण वेचणीचे दिवस आले की माझ्याशी बोलणं टाकायची. मलाही तिची समजूत काढायचं त्राण उरलं नव्हतं.

ती गेली तेव्हा घरच्यांनी तिला आपल्याच वावरात अग्नी दिला. बायकांनी मातीला जायचं नसतं. तिरडी निघेपर्यंत माजघराच्या दाराचा पडदा बाजूला धरला होता, मग तो पुन्हा सोडला, आणि मी आत राहिले.