डिझेलवाले दाजी

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात फक्त इंजिनाचं ऐकलं. आईबापांचं ऐकलं नाही, मास्तरांचं ऐकलं नाही, सोसायटीच्या चेअरमनचं तर नाहीच नाही. आणि बायकोचं ऐकल्याचा पुरावा निदान माझ्या लग्नानंतरच्या वीस वर्षांत तरी माझ्या पाहण्यात आला नव्हता. दाजी म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि अर्धं देवळाली प्रवरा कसलंही नातं नसताना म्हणतं. विहिरीवरची आणि नदीकाठची पाण्याची इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. उसाला पाणी द्यायचं तर डिझेल इंजिनाशिवाय गत्यंतर नव्हतं त्या काळात दाजी सायकलवरून जाता जाता नुसत्या आवाजावरून सांगत, की हे अमक्याचं इंजिन आणि ह्याचा पिस्टन काही दिवाळी बघत नाही. बहुतेक वेळा तो बघायचाही नाही.

माझं लग्न कोल्हारला, सासऱ्यांच्या दारातल्या मांडवात झालं. दाजींना अंतरपाटाचं एक टोक धरायला उभं केलं होतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, मेहुणीच्या लग्नात गहिवरून आलं असेल. पण मांडवामागच्या जनरेटरचा सूर त्यांना खटकला होता. त्यांनी आपलं टोक शेजारच्याच्या हातात कोंबलं आणि ते गेले, ते पंगतीच्या वेळी उगवले, कोपरापर्यंत काळे. दिवे एकदाही गेले नाहीत हे खरं, पण आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये दाजी एकाही फोटोत नाहीत.

एसटीत बसले तर ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर. ड्रायव्हरने दुसऱ्या गियरमध्ये गाडी जरा जास्त ताणली, की दाजींना राहवत नसे. "बदल बाबा गियर, रडतंय ते," असं ते त्याला आधी विनवून, मग दरडावून सांगत. एकदा राहुरी फॅक्टरीच्या स्टॉपवर एका ड्रायव्हरने वैतागून गाडी उभी केली आणि तुम्हीच या चालवायला म्हणाला. दाजी खरोखरच उठले. कंडक्टर मध्ये पडला म्हणून त्या दिवशी बस वेळेवर पोचली. माझी मेहुणी, म्हणजे दाजींची बायको, जिला मी ताई म्हणतो, उठून सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसली होती आणि कोणी विचारलंच तर हे गृहस्थ कोण ते आपल्याला माहीत नाही, असं सांगण्याच्या तयारीत होती.

जन्मभर इंजिनाच्या धडधडीत बोलावं लागल्यामुळे दाजींचा आवाजही त्याच मापाचा होता. ते देवळालीच्या एसटीडी बूथवरून मला नगरला फोन करीत तेव्हा बूथवाला काचेचं दार लावण्याच्या भानगडीत पडत नसे. रिसीव्हर उचलला, की आपलं सगळं एका दमात सांगायचं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ठेवून द्यायचा. पाठीमागून कोणी काही विचारलं तर ते उत्तर देत नसत. मोठ्या कारागिराला एवढा तोरा असायचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. मी त्यांची नक्कल बरी करतो असं घरचे म्हणत.

विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली आणि दाजींकडे येणारं काम ओसरलं. मग ते लोकांना जुन्या गाड्या पारखून देऊ लागले. ही पारख बघण्यासारखी असे. बॉनेटवर पाण्याचा भरलेला पेला ठेवायचा आणि पाण्याकडे टक लावून बसायचं. मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची. सायलेन्सरमध्ये बोट फिरवून हुंगायचं. मग निकाल, आणि तो गाडीपेक्षा मालकाचा जास्त. "मानूस तापट हाय. क्लचवर राग काढतो." किंवा, "ह्याचं घरात पटत न्हाई, उगंच लांब लांब फिरवलीय." एका मुख्याध्यापकांच्या तोंडावर त्यांनी हे दुसरं वाक्य टाकलं. मुख्याध्यापकांनी गाडी विकण्याचा बेत रद्द केला, बहुधा ती लागणार होती म्हणून.

अशा माणसाने स्वतःसाठी गाडी घ्यायची ठरवल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. चार वर्षं गेली. गाडी हवी होती ती ताईला. आमच्या सासूबाई कोल्हारला अंथरुणाला खिळल्या होत्या आणि ताई दर रविवारी एसटीने त्यांना बघायला जायची. डिझेलचा वास नाकात गेला, की तिला ढवळायचं. कोल्हारला उतरायची ती पांढरीफटक होऊन, आणि पहिला तासभर आईच्याच खाटेशेजारी आडवी पडायची. आजारी आईला भेटायला जायचं आणि आईनेच पडल्या पडल्या लिंबू दे गं तिला कोणीतरी म्हणायचं, याची तिला लाज वाटे. त्यामुळे तिचं मागणं एकच होतं. गाडी कसलीही जुनी चालेल, पण पेट्रोलची हवी.

दाजींचं म्हणणं, डिझेलच. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि छोट्या, मागचं दार वर उघडणाऱ्या गाड्यांतही डिझेल इंजिनं बसू लागली होती. दाजी त्यांच्यावर भाळले होते. डिझेल स्वस्त, डिझेल टिकाऊ, डिझेलला ओढ, ही कारणं कोणीही दिली असती. दाजींचं खरं कारण तात्त्विक होतं. "पेट्रोलचं इंजिन बोलतच न्हाई, पाव्हणं," ते मला सांगत. "गप बसून ऱ्हातं. असल्या मुक्याचा भरवसा कसा धरायचा मानसानं?" आणि मग चार वर्षांत बघितलेली प्रत्येक पेट्रोलची गाडी नापास होई. एकीच्या दाराचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो म्हणून, एकीचा रंग उन्हात डोळ्यांना टोचतो म्हणून, आणि एक तर तिचा मालक फार हसतमुख आहे म्हणून. ताई म्हणायची, पोरगी बघायला जाणारे लोकसुद्धा एवढे नखरे करीत नाहीत.

शेवटी दोन गाड्या उरल्या, दोन्ही मीच शोधलेल्या. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथल्याच लेथ मशीन चालवणाऱ्या एका तरुणाची डिझेलची छोटी गाडी विकायला होती. रंगाने काळी, टायर रुंद, दोन्ही बाजूंना ज्वाळांचे स्टिकर, मागे दोन स्पीकर, आणि पळायला अशी, की मनमाड रस्त्यावर भल्याभल्यांना तिचं मागचं दारच दिसे. साठीला आलेले दाजी धोतर सावरीत तिच्यात बसले आणि किल्ली फिरवताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं. दुसरी गाडी नगरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, पेट्रोलची, दुधी रंगाची, सीटवर पांढरे अभ्रे घातलेली. ताईने तिचं दार उघडून एकदा श्वास घेतला आणि म्हणाली, हीच. सासूबाईंचं त्या महिन्यात जास्तच होतं. आम्ही सगळे ताईच्या बाजूने उभे राहिलो, आणि काय आश्चर्य, दाजी नमले. डॉक्टर सज्जन. म्हणाले, कोल्हारला जाऊन या, सासूबाईंना दाखवा आणि मग ठरवा.

दाजी चालवायला, ताई पुढे, मी मागे. गाडी उत्तम होती. नागापूरच्या चौकात ट्रकांमुळे थांबावं लागलं. निघताना दाजींनी किल्ली फिरवली. गाडी चालूच होती. स्टार्टर असा खरडला, की शेजारच्या रिक्षावाल्याने कपाळाला हात लावला. दाजी म्हणाले, सवय नाही अजून. विळद घाटात त्यांनी दुसरा गियर टाकला. घाट संपला, सपाट रस्ता लागला, तरी दुसराच. इंजिन अक्षरशः किंचाळत होतं. मी वाट बघत होतो, की आता बदलतील, मग बदलतील. एसटीच्या ड्रायव्हरला गियरवरून रडवणारा हा माणूस पुढच्या रस्त्याकडे शांतपणे बघत, ऊस यंदा बरा आहे असं काहीतरी सांगत होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या किंचाळण्याची पुसटशी खूणही नव्हती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ताईने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग तिने आपला हात त्यांच्या गियरवरच्या हातावर ठेवला आणि हळूच दाबला. दाजींनी गियर बदलला.

कोल्हारला दाजी सासूबाईंपाशी बसले तेव्हा ताई मला ओसरीवर भेटली. पेट्रोलची गाडी नको, असं ती म्हणाली. मी विचारलं, कधीपासून? "तीन वरसं झाली आसतील. मी गोठ्यात हुते, त्यांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं. भाताचा कोळसा झाला, पाव्हणं, आनी ते कुकरच्या शेजारी पेपर वाचत हुते." कोणाला सांगितलं का नाही, हेही मी विचारलं. "काय सांगू? इंजिनवाल्याला ऐकू येत न्हाई म्हनलं, तर ऱ्हायलं काय त्यांच्यापाशी? मला वाटलं, गाडीचं काय, चालून जाईल. आज कळलं. त्या काळ्या गाडीचा हादरा तरी लागतो त्यांच्या हाताला." मला त्या क्षणी माझी ती नक्कल आठवली, आणि स्वतःची शरम वाटली.

परतताना ताईने सांगून टाकलं, की ह्या गाडीची सीट फार खाली आहे, आपले गुडघे दुखले, डिझेलचीच घ्या. दाजी खूश. चार वर्षं मी काय वेगळं सांगत होतो, असं त्यांनी राहुरीपर्यंत मला सात वेळा ऐकवलं. लेथवाल्या पोराने आठ दिवस वापरून बघा म्हणून काळी गाडी देऊन टाकली, आणि दाजी ज्वाळांचे स्टिकर मिरवीत देवळालीला गेले. गावातली तरुण पोरं त्यांना उठून रस्ता देऊ लागली म्हणे.

पुढच्या रविवारी मी आणि बायको आधीच कोल्हारला पोचलो होतो. काळी गाडी दारात उभी राहिली. ताई उतरली ती कोणाशी न बोलता भिंत धरून न्हाणीकडे गेली. सासूबाई खाटेवरून विचारत राहिल्या, थोरली आली का गं, मग इकडे का येत नाही? दाजी गाडीपाशी उभे होते. न्हाणीतला आवाज त्यांना येत नव्हता, पण दार अर्धवट उघडं होतं आणि तिची वाकलेली पाठ त्यांना दिसत होती. ताई तोंड धुऊन बाहेर आली आणि हसत म्हणाली, सकाळचे पोहे बाधले बहुतेक. दाजींनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांनी इंजिनाचा विषय काढला नाही. मला ते चुकल्यासारखं वाटलं.

सोमवारी दुपारी ते आमच्या कारखान्याच्या गेटवर हजर. गाडी लेथवाल्याला परत करून चालत आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरांची गाडी गेली, का आहे अजून? मी म्हणालो आहे, आणि म्हणताना त्यांच्या समोर उभा राहून, तोंड नीट दिसेल असं म्हणालो. त्यांच्या ते लक्षात आलं. मग आयुष्यात पहिल्यांदा दाजी हळू बोलले. तरी वॉचमनने वळून बघितलंच.

"तिच्या गाडीचा आवाज मला येत न्हाई, पाव्हणं."

मी म्हणालो, मला माहीत आहे. मग चालवणार कशी?

"ती सांगंल की. मला वाटलं हुतं, तिला ठाव न्हाई. त्या दिवशी तिनं हात दाबला तवा कळलं, तिला समदं ठाव हाय. मग आता लपवायचं कुनापासून?"

दुधी गाडी देवळालीला गेली. गावाला दाजींनी पेट्रोल कसं सरस, यावर नवं व्याख्यान तयार करून दिलं आणि ज्यांना चार वर्षं डिझेल पटवलं होतं त्यांनाच ते पटवायला लागले. मी एकदा त्यांच्याबरोबर मागे बसून गेलो. ताईला आयुष्यात कधी स्टिअरिंग धरता आलं नाही. पण ती खिडकीबाहेरचा ऊस बघत, माहेरच्या गप्पा मारीत बसली होती आणि गप्पा न थांबवता मधूनच दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवत होती. दाजी गियर बदलत होते. एकदाही चुकलं नाही. कोल्हारला ती ताठ उतरली आणि सरळ आईच्या खाटेपाशी गेली.

सासूबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. कोल्हारला दर रविवारी जाण्यासारखं काही उरलं नाही. तरी ही दोघं रविवारी गाडी काढतच राहिली, कधी राहुरीपर्यंत, कधी प्रवरेच्या पुलापर्यंत. कुठे निघालात म्हणून कोणी विचारलं, तर दाजी सांगत, गाडी बसून राहिली की खराब होते. ताई शेजारी बसून हो म्हणायची, आणि तिची दोन बोटं गाडी उभी असतानाही त्यांच्या मनगटावर असायची.