ओट्याखालचं काम

चंद्रपुरात ग्रॅनाइटचे ओटे बसवायचं काम मी बरीच वर्षं केलं. आधी सिंक ओट्याच्या वरून भोकात बसायचं. काठ दगडावर टेकला की झालं. दोन हजार सालानंतर लोक नागपूरला नातेवाइकांकडे जाऊन काहीतरी वेगळं पाहून येऊ लागले. सिंक दगडाच्या खालून लावलेलं, काठ दिसत नाही, ओट्यावरचं पाणी फडक्यानं सरळ आत लोटता येतं. मग सगळ्यांना तसंच हवं झालं.

पण खालून लावलेलं सिंक कशावरच टेकत नाही, ते टांगावं लागतं. दगडाला खालून आखूड भोकं पाडायची, त्यात पितळी फास्टनर बसवायचे, त्यांच्या बोल्टवर वाकवलेल्या पट्टीच्या क्लिपा चढवायच्या आणि नट आवळून सिंकचा काठ वर दाबून धरायचा. भोक जरा खोल गेलं तर वरून दगड फुटतो. आणि हे सगळं उताणं पडून, हात वर करून, दगडाची भुकटी डोळ्यांत घेत.

माझ्यासोबत कामाला एक जोडीदार होते, वयानं मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू बोलायचे, माझ्याशी आमची चंद्रपुरी मराठी. एका हिवाळ्यात आम्हाला आलापल्लीहून बोलावणं आलं. एका शाळेतल्या बाईंनी नवं घर बांधलं होतं आणि त्यांचं सिंक खाली पडलं होतं.

सकाळच्या एसटीनं गेलो. बाईंनी सिंक जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं.

"भांडी घासता घासताच खाली गेलं," त्या म्हणाल्या. "पाय वाचला माझा. तेव्हापासून मागच्या अंगणात बसून घासून राह्यली."

भाऊंनी ओट्याखाली डोकं घालून पाहिलं. "क्लिपाच नाई लावल्या बाई. नुसत्या सिलिकॉननं चिकटवलं होतं."

"आता पडणार नाई ना?"

"नाई पडू देत."

बाई शाळेत गेल्या. जुनं सिलिकॉन खरवडण्यातच दुपार झाली. भोकं मी पाडली. मधे लाइट गेली, ती येईपर्यंत दोघंही भिंतीला टेकून बसलो. एरवी भाऊ अशा वेळी गावाकडचं काहीबाही सांगायचे. त्या दिवशी डोळे मिटून खांदा चोळत होते.

लाइट आल्यावर पुढचे फास्टनर घट्ट बसले. मागचे दोन भोकातच गरगर फिरू लागले. तिथला दगड आतून चुरला होता. मग दोन डब्यांतलं, कालवल्यावर कडक होणारं केमिकल त्या भोकांत भरलं. ते वाळेपर्यंत मागे आवळता येणार नव्हतं, आणि थंडीत वाळायला वेळ लागतो. तोवर सिंक मागून लोंबू नये म्हणून खालून कोणीतरी दाबून धरायला हवं. विटा रचून पाहिल्या. पण ओट्याखाली फरशी नव्हती, भुसभुशीत मुरूम होता. विटा त्यात रुतल्या.

भाऊ पाठीवर झोपले, गुडघे दुमडून दोन्ही तळपाय सिंकच्या बुडाला लावले आणि वर रेटलं.

"मी धरतो भाऊ, उठ तू," मी म्हणालो.

"राहू दे. हातच वर जाऊन नाई राह्यले माझे. पायानं बरं आहे."

खांदा दुखतो हे मला माहीत होतं. हात वर जातच नाही, हे माहीत नव्हतं. "काऊन नाई सांगितलं मले?"

"सांगून तू काय केलं असतं? तुझंही तेच होऊन राह्यलं."

ते खरं होतं. सकाळी सदरा घालताना माझाही डावा हात बाहीत जाईना.

बाई चहा घेऊन आल्या. भाऊंना तसं पडलेलं बघून त्या दारातच थांबल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, मी धरू का थोडा वेळ?"

भाऊ हसले. त्या दिवसातलं ते पहिलं हसू. "नाई बाई. शाळेतून दमून आल्या तुम्ही."

त्या गेल्यावर ते छताकडे बघतच म्हणाले, "मी आता इथूनच गावाले जातो."

"कधी येशील?"

"येत नाई आता."

थांब, असं म्हणायला हवं होतं बहुतेक. पण थांबून करायचं काय, तर पुन्हा हेच. मी बोटानं केमिकल वाळलं का ते बघत राहिलो.

ऊन कलल्यावर ते दगडासारखं झालं. मी आत शिरून मागचे नट आवळले. सिंक काठोकाठ भरून ठेवलं. खाली एक थेंब आला नाही. बाईंनी उभ्यानं एक पातेलं घासलं आणि म्हणाल्या, "बरं झालं."

स्टँडवर सिरोंच्याची गाडी आधी आली. हत्यारांची पिशवी भाऊंनी माझ्याकडे दिली.

"एखादा पाना तरी घेऊन जाय," मी म्हणालो.

"तिथी काय आवळू?" म्हणत ते गाडीत चढले.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. गोदावरीच्या काठी झाडाखाली बसून ते जाळं विणत होते. डोंग्यातून जाळं फेकायचं काम त्यांचा सख्खा धाकटा भाऊ करायचा. फेकायलाही खांदा लागतो, हे काम सोडताना ध्यानातच आलं नव्हतं, असं ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे. पाऊसपाण्याचं सांगावं तसं. वहिनींनी मासोळीचा रस्सा आणि भात वाढला.

"तू किती दिवस करशील?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काई शोधून राह्यलो."

"लवकर शोध."

शोधायला आणखी एक पावसाळा गेला. शेवटी दगडाच्या एका वखारीत काम मिळालं, ओट्यांच्या कडा मशीननं घासून चकचकीत करायचं. मशीन कमरेएवढ्या टेबलावर असतं, हात वर न्यावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी सुटी झाल्यावर सगळे गेले, तरी मी भाऊंनी दिलेली हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन एका लादीवर बसून राहिलो. चौकीदारानं विचारलं, घरी काऊन नाई जात? मी म्हणालो, जातो, थोडा बसतो.