नानांची दीर्घिका

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात नानांना दिवसाच तारे दिसतात, असं सगळे चिडवायचे. खोटं नव्हतं. दुपारी तास संपले की पदार्थविज्ञानाच्या खोलीत खिडकीशी आकाशाचा मोठा छापील फोटो पसरून नाना त्यावर भिंग घेऊन वाकायचे. निगेटिव्हसारखे, पांढऱ्या कागदावर काळे तारे. मी तिथं नवी प्राध्यापिका. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे ज्येष्ठ सर मुंग्या मोजताहेत.

काम असं होतं: आकाशात रेडिओलहरी कुठून येतात ते रेडिओ दुर्बिणीला कळतं, पण त्या सोडणारी दीर्घिका दिसत नाही. ती फोटोत शोधायची. कधी लहरींचे दोन ढग असतात आणि दीर्घिका मधे कुठेतरी, अंधुक. मी शेजारच्या ठळक दीर्घिकेवर बोट ठेवलं की नाना अहिराणीत हसायचे, "ताई, चमकस तोच धनी ऱ्हास, आसं नही." म्हणजे चमकतो तोच लहरींचा धनी असतो, असं नाही.

त्यांची पीएच.डी. अशाच एका जोडीवर उभी होती. दोन ढगांच्या बरोबर मधे त्यांना एक पुसट ठिपका सापडला होता. पुण्याचे मार्गदर्शक खूश. म्हणाले, आता प्रबंध सादर करा. निवृत्तीही जवळ आलेली. पण सापडलेला ठिपका छापाच्या दुसऱ्या प्रतीत पाहिल्याशिवाय मानायचा नाही, हा नानांचा हट्ट. दुसरी प्रत मागवली. तिच्यात ठिपका नव्हता. नानांनी पहिल्या कागदावर हलकेच ओला कापूस फिरवला, तर ठिपका कापसावर आला.

"हाई ते माशीनं काम शे!" नाना इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "मन्ही डॉक्टरकी माशीनी खाई टाकी!" मला मात्र रडूच फुटलं. मुख्य प्रकरणच गेलं. प्रबंध राहिला तो राहिलाच. नानांना त्याचं फारसं दुःख नव्हतं. त्यांना एकच घोर लागला: मग तिथं आहे कोण?

काही वर्षांनी मोठ्या दुर्बिणीनं घेतलेला त्याच जागेचा फोटो माझ्या हाती आला. नाना तेव्हा एरंडोलला लेकाकडे अंथरुणावर होते. दोन ढगांच्या मधे, जरासा बाजूला, अंधुक ठिपका. मी उशाशी बसून भिंग धरलं. ते बराच वेळ टक लावून बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, सापडली.

"ताई," ते म्हणाले, "आते दुसरा फोटो मंगाड."

तो आला तेव्हा नाना नव्हते. ठिपका तिथंच होता, आणि कुणाला सांगावं ते मला कळेना.