सूरपर्यंत वल्हवत

कयाक कितीही धुतली तरी कोपऱ्यात कुठेतरी वाळू राहतेच. आमच्या किश्शांचंही तसंच आहे. तीन हिवाळे आम्ही चौघं ओमानचा किनारा वल्हवत होतो. सीबपासून सूरपर्यंत, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत एकेक तुकडा. चौघं म्हणजे मी, सीबच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. पुण्याचा कुलकर्णी, ज्याला एक्सेलशिवाय श्वास घेता येत नाही. वसईचा सायमन, हॉटेलात शेफ. आणि देवगडचे बबनदादा, एसी मेकॅनिक. दोन जणांच्या दोन कयाक, आणि सांगण्यासारखं मात्र चार कयाकभर!

*

बबनदादा आम्हाला कसे मिळाले, ते आधी सांगते. आम्ही तिघं सीबच्या किनाऱ्यावर शिकत होतो. दोन महिने व्हिडिओ पाहून झाले होते, आणि तरी कयाक गोल गोल फिरायची. दादा जवळच्या व्हिलात एसी दुरुस्त करून परत चालले होते. हातात अवजारांची पेटी. बराच वेळ उभे राहून त्यांनी पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

"मॅडम, तां वल्हां उलटां हा."

मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कयाकीला हात लावून तो कपाळाला लावला आणि निघाले. सरळ रेषेत, लांबवर. पंधरा मिनिटांनी परत आले, पेटी उचलली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे उशीर झाला म्हणून घाईने गेले. त्यांचा नंबर शोधायला आम्हाला आठवडा लागला.

*

खैरानला डोंगरात शिरलेल्या खाड्याच खाड्या आहेत, आणि सगळ्या जुळ्या बहिणी. कुलकर्णीने प्रत्येक वळण फोनमध्ये भरून आणलं होतं. उन्हात फोन तापला आणि बंद पडला. त्याच्याबरोबर कुलकर्णीही बंद पडला.

दादांनी वल्हं आडवं ठेवलं आणि नुसते बसून राहिले. आम्हाला वाटलं, दमले. कयाक हळूहळू आपोआप एका बाजूला सरकायला लागली. ओहोटी सुरू झाली होती. दादा म्हणाले, पाणी घरी चाललंय, त्याच्या मागून जाऊया. अर्ध्या तासात आम्ही उघड्या समुद्रात होतो.

त्या आठवड्यात कुलकर्णीच्या एक्सेलमध्ये भरती, वारा, अंतर यांच्या शेजारी एक नवा कॉलम आला: 'दादा काय म्हणाले'. पुढे तो बाकीचे कॉलम भरायचाच विसरायला लागला.

*

आता चपलांचं. दादांचा नियम एकच: होडीत चपला घालून बसायचं नाही. ती लक्ष्मी. आम्हीही किनाऱ्यावर चपला ओळीने काढून ठेवायचो, देवळाबाहेर ठेवतात तशा. वर्षभर हे उत्तम चाललं, कारण आम्ही निघायचो तिथेच परत यायचो.

मग सिफाहून कुरियातकडे पहिला एकतर्फी टप्पा केला. गाडी आदल्या दिवशीच पलीकडे नेऊन ठेवली होती. भर दुपारी उतरलो. वाळू तव्यासारखी तापलेली, गाडी शंभर पावलांवर, आणि चारही जोड सिफाच्या किनाऱ्यावर ओळीने आमची वाट बघत!

चार लाइफ जॅकेट पुढे टाकत, त्यांच्यावर उड्या मारत आम्ही गाडीपर्यंत पोचलो. एक ओमानी कोळी जाळं सोडून हा तमाशा बघत होता. कुलकर्णीच्या यादीत शिट्टीपासून प्रथमोपचारापर्यंत एकोणतीस वस्तू होत्या. चपला नव्हत्या.

पद्धत मात्र आम्ही मोडली नाही. अजूनही किनाऱ्यावर चपला काढतो, नमस्कार करतो, आणि मग त्याच चपला पिशवीत भरून बरोबर नेतो.

*

दिबाबच्या पुढे सायमनचे खांदे गेले. तेवढ्यात सलीम नावाच्या कोळ्याची मोटरबोट जवळ आली. त्याला वाटलं आम्ही अडकलोय. त्याने दोर फेकला आणि सायमनने तो दोन्ही हातांनी धरला. दादा मागून शांतपणे म्हणाले, सोड. सायमनने असा चेहरा केला, की वसईच्या सगळ्या संतांना दया यावी. पण सोडला.

सलीमने विचारलं, कुठे चाललात? सूर. हाताने? हाताने. तो बोट वळवून गेला. पण पुढच्या गावी पोचलो तेव्हा सात-आठ माणसं किनाऱ्यावर खजूर आणि कहवा घेऊन उभी होती. सायमनने त्या दिवशी मान्य केलं की दोर धरून ठेवला असता तर खजूर मिळाला नसता.

*

तिसऱ्या हिवाळ्यात दादांच्या कंपनीने माणसं कमी केली. बत्तीस वर्षांनी दादा व्हिसा कॅन्सल होऊन कायमचे गावी निघाले. सोमवारचं विमान. आमचा शेवटचा टप्पा, कल्हात ते सूर, राहिलेला.

तेव्हा कळलं की दादा हे सगळं का करत होते. त्यांचा आजा गलबतातून कौलं घेऊन सूरला यायचा, खजूर घेऊन परतायचा. "आजो वाऱ्यार इलो, मी एसीत इलंय," ते म्हणाले. एकदा तरी सूरला समुद्रातून शिरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बत्तीस वर्षांत रस्त्याने ते सूरला एकदाही गेले नव्हते. कामाची बोलावणी आली तरी दुसऱ्याला पाठवायचे.

शुक्रवारी पहाटे कल्हातला पोचलो. हवामानाचं अॅप हिरवं, समुद्र गुळगुळीत. दादा दहा मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, आज नाही. कुलकर्णीचा आवाज चढला. दादा, सोमवारी विमान आहे तुमचं! दादा म्हणाले, "दर्याक तिकीट दाखवन चालना नाय."

दोन तासांनी वारा असा उठला की कयाक गाडीच्या टपाला बांधाव्या लागल्या. सगळ्यात जास्त ज्याचं जाणार होतं, त्यानेच नाही म्हटलं होतं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी सायमनच्या डब्यातल्या कटलेटकडे बघत रडले.

*

शनिवारी निघालो. वारा पडला होता. सूरच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो तर ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत होतं. तासभर बाहेर थांबलो. पाणी आत फिरलं तशी आम्ही तिघांनी वल्ही वर घेतली, दुसरी कयाक भरतीबरोबर आपोआप आत येऊ दिली, आणि दादांना एकट्यांना वल्हवू दिलं.

आत लाकडी गलबतं बांधतात तिथे, काठावर एक म्हातारा ओमानी बाकावर बसला होता. त्याने आमच्या प्लास्टिकच्या होड्यांकडे पाहिलं, मग दादांकडे. मुंबईचं पाणी प्यायलेल्या जुन्या खलाशाच्या हिंदीत विचारलं, "किधर से आया?"

कल्हात, असं मी सांगणार होते. दादा आधी बोलले.

"देवगड."

म्हाताऱ्याने मान हलवली. "कितना टाइम लगा?"

"बत्तीस साल."

म्हातारा हसला नाही. बाकावर थोडा सरकला, बाजूला हात थोपटून जागा दाखवली, आणि म्हणाला, "हवा उलटा होगा."